थोरल्या पुळणीवरचं पाणी

ग्रोनदाल, ३० ऑक्टोबर

हाल्वार,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचा आवाज बंद करून ठेवता येत नाही. ते तुझ्या पेटीत पडणार, माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडणार, आणि तरीही तू ते उघडणार. साठी ओलांडलेल्या बहिणीला एवढा हक्क असायला हरकत नाही.

मुद्द्याचं लिहिते. पाणी मिळालं! दोन वर्षं आमची नदी समिती तुमच्या वीज कंपनीच्या दारात धरणं धरून बसली होती की ऑक्टोबरात धरणातून भरपूर पाणी सोडा, सॅमनना अंडी घालायला वर येऊ द्या. यंदा तुमच्या साहेबलोकांना अचानक उदारपणाचा झटका आला. महिनाभर ग्रोना काठोकाठ वाहते आहे आणि मासे आलेत, हाल्वार. थोरल्या पुळणीवर, जिथे आपण लहानपणी कोरड्या पायांनी गोटे वेचायचो, तिथे आज गुडघाभर पाणी आहे आणि हाताएवढ्या लांब माद्या अंगावर कलून शेपटीने खडी उकरताहेत. खड्डा करायचा, अंडी सोडायची, वर पुन्हा खडी लोटायची. इतक्या माद्या मी शाळेत असताना पाहिल्या होत्या, त्यानंतर आज.

आमचे अध्यक्ष, म्हातारा एम्ब्रिक, पुलावर उभा राहून टोपीत तोंड खुपसून रडत होता. मग नाक शिंकरून मला म्हणाला, "आणि तुझा तो भाऊ! सभेत काय म्हणत होता गं? नुसत्या पाण्याने काम होत नाही म्हणे. कळव त्याला, झालं म्हणून."

कळवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभेवरून तू अजून फुगून बसला आहेस हे मला ठाऊक आहे. कंपनीने तुला बोलायला पाठवलं होतं, लोकांनी बोलू दिलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, हो. पण ज्यांनी पाणी मागितलं त्यांच्यासाठी वाजवल्या, तुझ्याविरुद्ध नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कंट्रोल रूममध्ये बसून आख्ख्या नदीची कळ दाबू नये असं माझं मत आहे.

मेंढ्या ठीक. गुडघा तसाच.

सिग्रुन

&nbsp;

ग्रोनदाल, ९ डिसेंबर

हाल्वार,

तुम्ही लोक शुद्धीवर आहात का?

शनिवारी संध्याकाळी तुम्ही वीजघर बंद केलंत. का, तर वारा सुटला होता, पवनचक्क्या फिरत होत्या, विजेचा भाव पडला होता. रविवारी सकाळी मी मेंढ्यांना चारा घालून खाली गेले तर थोरली पुळण उघडी! मधल्या धारेत काय ते पाणी, बाकी सगळे गोटे चकचकीत ओले आणि वर गोठायला लागलेले. प्रत्येक खड्ड्याजवळ फ्रॉयदिसने लाल काठी रोवून ठेवली आहे. फ्रॉयदिस म्हणजे मासे मोजायला आलेली संशोधक पोरगी, माझ्याकडेच भाड्याने राहते, कॉफी कमी पिते, तेवढं सोडलं तर चांगली आहे. त्या सगळ्या काठ्या कोरड्यात उभ्या होत्या.

मी तिला विचारलं, "मेली का गं अंडी?"

"अजून नाही," ती म्हणाली. "खडीच्या आत ओल आहे तोवर ती दम धरतात. पण गोठली की संपली."

हवामानखात्याने रात्री उणे चौदा सांगितलं होतं.

मग काय, एम्ब्रिकने घरोघर फोन फिरवले. तुला आपला गाव माहीत आहे. श्रमदान म्हटलं की लोक अंथरुणातून उठून येतात आणि येताना केक आणतात. फावडी आली, ढकलगाड्या आल्या, ज्या बायका चर्चला निघाल्या होत्या त्या चर्चच्या कपड्यांत आल्या. बर्फाचं पांघरूण घातलं की खाली थंडी शिरत नाही, हे मेंढ्या पाळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. आधी देवदाराच्या फांद्या, वर बर्फ. अंधार पडेपर्यंत आम्ही अख्खी पुळण झाकून काढली. वाफल्स भाजले, गाणी म्हटली. एम्ब्रिकने भाषण केलं, त्यात तीनदा 'इतिहास' हा शब्द आला. पाठ मोडून मी घरी आले आणि गेल्या कित्येक महिन्यांत झोपले नव्हते अशी झोपले.

आणि सोमवारी पहाटे तुमच्या कंपनीने भाव चढला म्हणून यंत्रं पुन्हा सुरू केली!

पाणी आलं ते भिंतीसारखं. फांद्या, बर्फ, फ्रॉयदिसच्या निम्म्या काठ्या, कोणाचं तरी नवंकोरं फावडं, सगळं फियोर्डात गेलं. एम्ब्रिक आपली कामगिरी कौतुकाने बघायला खाली उतरला होता. तो एका खडकावर अडकला आणि आम्ही दोर टाकून त्याला ओढला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कमरेपर्यंत भिजलेला, दात वाजताहेत, आणि काय ओरडत होता माहीत आहे? "आलं! पाणी आलं!" आनंदाने ओरडत होता, हाल्वार. यांच्यापुढे मी हात टेकले.

पण पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा बंद करणार. त्याच्या पुढच्याही. दर वेळी आम्ही पांघरूण घालायचं आणि दर वेळी तुम्ही ते ओढायचं, असं का?

गेल्या दोन्ही हिवाळ्यांतली पिल्लं नदीत जवळजवळ नाहीतच. फ्रॉयदिस जाळं लावते आणि रिकामं काढते. ही तिसरी पिढी गेली तर पाच वर्षांनी समुद्रातून परत यायला कोणी उरणार नाही. ग्रोनेचे मासे संपतील. दुसऱ्या नदीचे आणून सोडता येतात, पण ते आपले नव्हेत, हे तू मला सांगितलं होतंस, मी तुला नाही.

उत्तर लिही. निदान एक ओळ.

सिग्रुन

&nbsp;

१५ डिसेंबर

सिग्रुन,

तुम्ही ऑक्टोबरात पाणी मागितलंत. ते दिलं.

कंपनीला त्यात काही गमवावं लागलं नाही. पाऊस जास्त झाला होता, तलाव भरला होता, ते पाणी तसंही सांडव्यावरून जाणारच होतं. म्हणून होकार लगेच आला.

मादी त्या दिवशी जेवढं पाणी असेल ते बघून जागा निवडते. ऑक्टोबरात पाणी जास्त, तर ती काठाजवळ उंचावर अंडी घालणार. डिसेंबरात तेवढं पाणी कुठून आणायचं? ऑक्टोबरात पाणी कमी ठेवलं असतं तर त्या मधल्या धारेत खोल उतरल्या असत्या, आणि मग हिवाळाभर थोडंसं पाणी पुरलं असतं. मासे वर चढवायला सप्टेंबरात दोन-चार दिवसांचा लोंढा पुरतो.

हेच सांगायला मी सभेला आलो होतो. मी "ऑक्टोबरात" म्हणालो, तेवढ्यात तुम्ही टाळ्या वाजवल्यात. "कमी" हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

एम्ब्रिक बरा आहे का?

हाल्वार

&nbsp;

ग्रोनदाल, २० डिसेंबर

हाल्वार,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं वेगवेगळ्या कारणाने फिरलं.

तुला माहीत होतं! सभेत बोलू दिलं नाही, मान्य. सभा म्हणजे गोंधळ, त्यात एम्ब्रिक, त्यात वाफल्सचा धूर. पण त्यानंतर दोन वर्षं होती की! पोस्ट चालू होतं. फोन होता. माझा पत्ता तू जन्मलास तोच आहे. "सिग्रुन, गाढवपणा करताय, उलटं मागताय" एवढंच लिहायचं होतं. पण नाही. स्वारी रुसली. मूग गिळून गप्प बसली आणि आम्ही चुकीची गोष्ट मागत असताना लांबून बघत राहिली. आम्ही तुझा अपमान केला असेल. माशांनी काय केलं होतं तुझं?

फ्रॉयदिसला पत्र दाखवलं. ती लाल झाली. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी इथे उशिरा आले, नाहीतर मीही हेच सांगितलं असतं." मग मी एम्ब्रिकला दाखवलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपण मागून घेतलं हे?" तो म्हणाला.

"आपणच."

"मी भाषण केलं होतं."

"केलं होतंत."

त्याने चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाला, "हाल्वारने मोठ्याने बोलायला हवं होतं." म्हातारा बरा आहे. सर्दी झाली होती, गेली. खोड जाणार नाही.

झालं ते झालं असं मी म्हणणार नाही, कारण अजून झालेलं नाही. उंचावरचे खड्डे गेले समज. पण पुळणीच्या खालच्या अंगाला निम्मे खड्डे आहेत. शनिवार-रविवार लहान यंत्र जरी चालू ठेवलंत तरी तिथवर पाणी पोचतं, फ्रॉयदिसने मोजलं आहे. भाव मिळत नसेल तेव्हाही चालू ठेवायचं. कंपनीचं नुकसान होईल. होऊ दे.

नाताळला येणार नाहीस हे गृहीत धरून मेंढीच्या बरगड्या एकाच माणसापुरत्या भिजत घातल्या आहेत. फ्रॉयदिस मांस खात नाही. तीही एक कटकट.

सिग्रुन

&nbsp;

ग्रोनदाल, २३ मार्च

हाल्वार,

जानेवारीपासून शनिवारी पाणी पूर्वीइतकं उतरत नाही. खालच्या अंगाच्या काठ्या पाण्यात राहतात. हे कोणी केलं, कसं केलं, साहेबांना काय सांगितलं, मी विचारत नाही. तूही सांगत नाहीस. आपल्या घरात आभार मानायची पद्धत कधी नव्हतीच, तेव्हा ते राहू दे.

पण आता ईस्टर येतोय.

तुला ईस्टर मी समजावून सांगायला नको. गुरुवारी कारखाने बंद होणार, सगळा देश स्की आणि संत्री घेऊन डोंगरातल्या झोपड्यांत जाऊन बसणार, विजेला कोणी कुत्रं विचारणार नाही, आणि तुमची कंपनी सोमवारपर्यंत वीजघराला कुलूप लावणार. लहान यंत्रसुद्धा. दर वर्षी लावते. कोणाच्या कधी लक्षातही येत नाही, कारण लक्ष द्यायला गावात कोणी नसतं.

फ्रॉयदिसने काल एक खड्डा हळूच उकरून पाहिला. अंड्यांत डोळे दिसताहेत. काळे ठिपके, आपल्याकडे बघणारे. तिच्या हिशेबाने ती ऐन ईस्टरात फुटणार. आणि ऐक, अंडं ओलीवर दम धरतं, पिल्लू धरत नाही. एकदा फुटलं की त्याला वाहतं पाणी लागतं. ते नसलं तर काही तासांत खेळ खलास, थंडी असो वा नसो.

म्हणजे हिवाळाभर तू जे काही केलंस ते चार दिवसांच्या सुट्टीपायी पाण्यात. नाही, पाण्यातच जाईना म्हणून तर हे पत्र.

दर ईस्टरला ड्यूटी तूच घेतोस. बायको नाही, पोरं नाहीत, सगळे तुझ्या गळ्यात मारतात. या वेळी ते बरंच झालं. कळीजवळ तू बसलेला असशील. लहान यंत्र बंद करू नकोस. बस, एवढंच मागते. तुला मी आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. ढकलगाडी मागितली होती, ती तू मोडून दिलीस.

सिग्रुन

&nbsp;

२ एप्रिल

सिग्रुन,

वीजघर ईस्टरला बंद राहील. तसा लेखी आदेश आला आहे. आदेशाविरुद्ध यंत्र चालवता येत नाही, दुसऱ्या कार्यालयातून ते लगेच दिसतं आणि तिथून बंद होतं.

ईस्टरला मी ड्यूटीवर नाही. सुट्टी टाकली आहे.

हाल्वार

&nbsp;

ग्रोनदाल, ५ एप्रिल

सुट्टी!

अठ्ठावीस वर्षांत तू ईस्टरला सुट्टी घेतली नाहीस. आईचा शेवटचा ईस्टर होता तेव्हासुद्धा "बदली माणूस मिळत नाही" म्हणालास. आणि आज तुला बदली माणूस मिळाला! संत्री घेतलीस का? चॉकलेट? उन्हात पाठ शेकत बस हं छान. इथे मी, एम्ब्रिक आणि फ्रॉयदिस बादल्या घेऊन पुळणीवर पाणी शिंपडत बसू. तिघांचे मिळून चार गुडघे चालतात.

तुला डोळ्यांदेखत बघवणार नाही, म्हणून तू पळ काढतोयस. एवढं तरी कबूल करायचं होतंस.

मला यापुढे उत्तर नको.

सिग्रुन

&nbsp;

ग्रोनदाल, २५ मे

हाल्वार,

आता मी सगळं नीट लिहिणार आहे, आणि तू मधे बोलू शकत नाहीस, हे एक बरं आहे.

गुरुवारी दुपारी पाणी उतरलं. आम्ही बादल्या घेऊन उभेच होतो. एम्ब्रिकने आपल्या नातवंडांच्या अंघोळीचा टबसुद्धा आणला होता. आम्ही पाणी शिंपत होतो आणि ते खडीत असं जात होतं की जणू आम्ही टाकलंच नव्हतं. फ्रॉयदिस रडत होती आणि शिंपत होती. मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या एम्ब्रिकनेही पहिल्यांदाच ऐकल्या.

मग काठ्यांच्या बुडाशी पाणी हललं. आधी मला वाटलं माझेच डोळे भरलेत. गढूळ, पानं-काटक्या घेऊन येणारं पाणी, वीजघराकडून नव्हे, वरून, धरणाखालच्या जुन्या पात्रातून. ते चढलं, खालच्या काठ्यांच्या वर एक वीत जाऊन थांबलं, आणि तिथेच राहिलं.

"कंपनीला देव आठवला की काय?" एम्ब्रिक म्हणाला.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. ड्यूटीवरची बाई जांभई देत बोलत होती. म्हणाली, "ती वार्षिक तपासणी आहे. धरणाचा तळदरवाजा वर्षातून एकदा उघडून बघावा लागतो, नियमच आहे. एरवी उन्हाळ्यात करतात. हाल्वारने यंदा सुट्टीत जाऊन करतो म्हणून सांगितलं. आम्हाला काय, बरंच झालं."

"सोमवारपर्यंत चालते तपासणी?"

"दरवाजा जुना आहे ना. हाल्वार म्हणाला, तो अडकतो."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसले. रडले, हाल्वार. तुला कळलेलं बरं. आणि मग इतका राग आला! सांगता येत नव्हतं का? "सुट्टी टाकली आहे." एवढंच! माझ्या त्या पत्राचं काय करायचं आता? मी ते परत घेत नाही, पोस्टात टाकलेलं परत येत नाही, पण तू ते जाळलंस तर मी विचारणार नाही.

परवा फ्रॉयदिसने जाळं लावलं. वरच्या अंगाचे खड्डे गेले. उकरले तर पांढरी, मेलेली अंडी, खडूच्या गोळ्यांसारखी. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण खालच्या अंगाचे जगले. मी ओंजळीत एक पिल्लू घेतलं होतं, नखाएवढं, पोटाला अजून नारिंगी थैली लटकलेली, आणि नुसती वळवळ. एम्ब्रिकला दाखवलं तर म्हणाला, "एवढ्याशासाठी मी खडकावर अडकलो होतो?" आणि पुन्हा टोपीत तोंड घातलं.

कंपनीने तुला जाब विचारला आहे हे मला फ्रॉयदिसकडून कळलं, तुझ्याकडून नव्हे, अर्थातच. यंत्रातून न जाता वाया गेलेलं पाणी म्हणे. आणि जुलैपासून तुला कंट्रोल रूममधून काढून गोदामात बसवणार. वाया गेलेलं! त्यांना इथे पाठव, मी दाखवते कुठे गेलं ते. समितीने ठराव केला आहे की येत्या ऑक्टोबरात पाणी कमी सोडा. हो, कमी. कंपनीचं उत्तर आलं की गेल्या वर्षी तुम्हीच जास्त मागितलं होतं, तुमचं नक्की काय ते ठरवा. माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. सप्टेंबरात सभा आहे. एम्ब्रिक म्हणतो, हाल्वारला बोलवा, आणि मधे जो टाळी वाजवेल त्याला तो स्वतः बाहेर काढेल.

आता एक गोष्ट, जी मी महिनाभर लिहिली नाही.

ईस्टरच्या सोमवारी मी वर धरणावर आले होते. पिशवीत बरगड्या, लेफ्साच्या पोळ्या, संत्री. गुडघ्याने मला दोनदा बसवलं, पण मी आले. पहारेकऱ्याच्या खोपटाला कुलूप होतं आणि तळदरवाजा बंद केलेला होता. तुझ्या स्कीचे ठसे पलीकडच्या उतारावरून शहराकडे गेलेले होते. आणि दुसरे ठसे होते, जुने, माझ्या बाजूला उतरलेले. मी त्यांच्यामागे खाली आले. बर्चच्या झाडीपर्यंत येऊन ते थांबतात. तिथून अख्खी पुळण दिसते, आणि आपलं स्वयंपाकघर दिसतं. तिथला बर्फ पायांखाली पार दबून बर्फाची लादी झाली होती, म्हणजे तू बराच वेळ उभा होतास, आणि एकाच दिवशी नव्हे. आणि मग ठसे वळून पुन्हा वर गेलेले.

त्या चारही दिवशी माझ्या खिडकीत दिवा होता, हाल्वार. मी आत होते. एकटी होते, फ्रॉयदिस रात्रंदिवस पुळणीवर असायची. तू मला बघितलं असणार, आणि तू झाडीतून परत गेलास.

मी घरी येऊन ती लेफ्सं एकटीने खाल्ली. संत्री अजून आहेत, सुकून दगड झालीत, टाकवत नाहीत.

सप्टेंबरात सभेला येऊ नकोस हवं तर. कोणाशी बोलू नकोस. मी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या तुझ्याविरुद्धही होत्या थोड्या. पण पुढच्या वेळी त्या झाडीपर्यंत आलास तर तिथून हाक मार. मला एवढ्या लांबून ऐकू येतं. गुडघे गेले आहेत, कान नाही.

सिग्रुन